गोटेमिश्रित मळईची जमीन: मोजायची कशी, वापरायची कशी

मळईवाला

नदीने आणून टाकलेल्या गाळात गोटे आणि खडी मिसळलेली असली की त्या जमिनीबद्दल दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं निचरा उत्तम, फळबाग लावा. कुणी म्हणतं नळी फुंकली सोनारे, वरून घातलेलं पाणी सरळ खाली. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण या नावाखाली फार वेगवेगळ्या जमिनी येतात. म्हणून हा धागा. शेती, पाणी, बांधकाम सगळं इथेच चालू द्या, पण आकडे देऊन बोलू.

सुरुवातीला व्याख्या. २ मिमीच्या चाळणीतून जे खाली पडतं ती बारीक माती: वाळू, पोयटा, चिकण. वर राहतं ते खडी-गोटे. २ ते ७५ मिमी म्हणजे खडी, ७५ ते २५० मिमी म्हणजे मोठे गोटे, त्यापुढे धोंडे. जमिनीच्या एकूण आकारमानात खडी १५ ते ३५ टक्के असेल तर जमीन खडीयुक्त, ३५ ते ६० टक्के असेल तर फार खडीयुक्त, आणि ६० च्या पुढे गेली की ती नावालाच जमीन. हे टक्के आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत. घोळ इथूनच सुरू होतो.

ही जमीन बनते कुठे? डोंगर उतरून नदी सपाटीवर येते, वेग एकदम कमी होतो आणि जड माल तिथेच पडतो. त्यातून पंख्याच्या आकाराचा उतार तयार होतो. हिमालयाच्या पायथ्याचा भाबर पट्टा हे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण: साधारण ८ ते १६ किमी रुंद, आणि इतका सच्छिद्र की लहान ओढे त्यात गडप होतात आणि पुढे तराईच्या ओलसर पट्ट्यात पुन्हा वर येतात. दुसरी जागा म्हणजे नदीचं जुनं पात्र आणि काठावरचे उंच टप्पे. तिथे बहुधा खाली गोटे, मध्ये वाळू, वर पोयटा असा क्रम सापडतो, कारण नदी बाजूला सरकत जाते तसा प्रवाह मंदावतो. पण तो क्रम दहा पावलांवरही बदलू शकतो. एका खड्ड्यावरून शेताचा निकाल लावू नये.

आणि आता मुद्द्याचं. प्रयोगशाळेत माती आधी २ मिमीच्या चाळणीतून गाळतात आणि मगच तपासतात. म्हणजे अहवाल बारीक मातीचा असतो. गोटे त्यात नसतातच. तुमची मुळं, पाणी आणि खत मात्र गोट्यांसकट जमिनीत असतात.

चाळण_दोन_मिमी

पूर्ण अनुमोदन. गोटे किती हे डोळ्यांनी ठरवू नका. पावसाने माती धुऊन नेलेली असते आणि वर नुसते गोटे उरलेले असतात, त्यामुळे अंदाज बहुतेकदा जास्तच निघतो. मोजायची रीत सोपी आहे:

१. ४० × ४० सेमी तोंडाचा, ३० सेमी खोल खड्डा काढा. निघालेलं सगळं ताडपत्रीवर घ्या, काही सांडू देऊ नका.

२. गोटे असल्यामुळे खड्ड्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात, म्हणून लांबी-रुंदी-खोली गुणू नका. आत पातळ प्लास्टिक सैलसर अंथरा आणि मापाने पाणी ओतून जमिनीच्या पातळीपर्यंत भरा. जेवढे लिटर लागले तेवढं खड्ड्याचं खरं आकारमान. साधारण ४८ लिटरच्या आसपास येईल.

३. माल वाळवा. ढेकळं लाकडी ठोकळ्याने फोडा (हातोडीने नको, कुजके गोटेही फुटतात) आणि चाळा. पूर्ण मालासाठी २ मिमीची चाळणी फार वेळ खाते. आधी २० मिमी, मग ५ मिमी, आणि शेवटी ५ मिमीतून खाली पडलेल्यातला २ किलोचा नमुना २ मिमीने चाळून त्या प्रमाणात हिशोब करा.

४. गोटे धुऊन घ्या, काठोकाठ भरलेल्या पिंपात हळूहळू सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. तेवढं गोट्यांचं आकारमान. ४८ लिटरच्या खड्ड्यातून १९ लिटर पाणी सांडलं तर गोटे जवळपास ४० टक्के.

हेक्टरी निदान चार-पाच खड्डे, आणि प्रत्येक ठिकाणी ० ते ३० आणि ३० ते ६० सेमी वेगवेगळे मोजा. खालच्या थरात प्रमाण दुप्पट निघालं तरी आश्चर्य नको.

फक्त वजनाचे टक्के हाताशी असतील तर गोट्यांची घनता २.६५ आणि बारीक मातीची स्थूल घनता १.४ धरा. समजा वजनाने गोटे ५५ टक्के. ५५ भागिले २.६५ म्हणजे २०.८. ४५ भागिले १.४ म्हणजे ३२.१. बेरीज ५२.९, त्यात २०.८ म्हणजे ३९ टक्के. वजनाने निम्म्याहून जास्त, आकारमानाने चाळीसच्या आत.

पहिलंच_पीक

नेमका हाच प्रश्न आहे. अहवालात 'वालुकामय पोयटा, सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के, उपलब्ध स्फुरद मध्यम' असं आहे. गोटे वजनाने ५५ टक्केच. वालुकामय पोयट्याच्या तक्त्याप्रमाणे सहा दिवसांनी पाणी ठरवलं, पण चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी पानं मान टाकतात. पाणी वाढवलं की खालच्या चरातून वाहतं. मग कमी पडतंय की जास्त होतंय?

मळईवाला

दोन्ही. एका वेळी जास्त होतंय आणि दोन पाळ्यांमध्ये कमी पडतंय. हिशोब बघा.

वालुकामय पोयट्याची पिकाला मिळणारी ओल १ मीटर खोलीत साधारण १२० मिमी धरू. मुळं ६० सेमी, म्हणजे ७२ मिमी. त्यातली निम्मी वापरली गेली की पाणी द्यायचं, म्हणजे ३६ मिमी. पिकाची रोजची गरज ६ मिमी असेल तर सहा दिवस. तक्ता बरोबरच आहे, फक्त गोटे नसलेल्या जमिनीचा आहे.

गोटे ३९ टक्के, म्हणजे ओल धरणारी माती ६१ टक्के. ७२ चे झाले ४४ मिमी, निम्मे २२ मिमी, आणि दिवस साडेतीन. तुमचं पीक चौथ्या दिवशी सुकतंय, ते अगदी हिशोबाने सुकतंय. आणि सहाव्या दिवशी ३६ मिमी दिले तर त्यातले फार तर २५-३० मिमी मावतील. उरलेलं तळाला, सोबत खतही.

तेव्हा एकूण पाणी वाढवू नका. पाळी साडेतीन दिवसांची करा आणि दर पाळीला २२ मिमी द्या.

आडवाछेद

हिशोब मान्य, पण एक दुरुस्ती. गोट्यांची ओल शून्य धरली आहे. गारगोटी, ताजा बेसाल्ट, ग्रॅनाइट अशा कठीण दगडांसाठी ते चालतं, ते जेमतेम १ टक्का पाणी शोषतात. पण झिजलेला, भुसभुशीत झालेला दगड, मऊ वालुकाश्म किंवा चुनखडी असेल तर त्यात बऱ्यापैकी पाणी राहतं आणि काही प्रमाणात मुळांना मिळतंही. दहा-बारा गोटे २४ तास भिजवा, वरचं पाणी पुसून तोला, भट्टीत १०५ अंशाला वाळवून परत तोला. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर वजाबाकी थोडी सैल करायला हरकत नाही.

शक्य तिथे गोटा उचलताना त्याची खालची बाजूही बघा. पांढरट, खरखरीत पापुद्रा फक्त खालीच चिकटलेला असेल तर तो चुन्याचा. झिरपणारं पाणी गोट्याच्या तळाशी अडकतं, तिथे वाळतं आणि चुना मागे सोडतं. पापुद्रा जाड असेल तर टप्पा जुना आहे आणि खाली चुन्याने जखडलेला कडक थर भेटायची शक्यता आहे. तसा थर भेटला तर 'निचरा उत्तम' हे वाक्य खोडून टाका.

थेंबेथेंबे

ठिबकचा वेगळा हिशोब लागतो, कारण इथे ओल आडवी पसरतच नाही. कांद्यासारखा गोल तयार होण्याऐवजी गाजरासारखा निमुळता खांब उतरतो. एका ड्रिपरखाली ओलीचा व्यास ३५ सेमी आणि खोली ६० सेमी धरा. त्या खांबाचं आकारमान ५८ लिटर. वरच्याच जमिनीचे आकडे लावले, म्हणजे १२ टक्के ओल, ६१ टक्के माती आणि त्यातली निम्मी वापरलेली, तर येतात २.१ लिटर.

म्हणजे एका ड्रिपरमधून एका वेळी २ लिटरपेक्षा जास्त पाणी दिलं तर ते मुळांच्या खाली गेलंच समजा. ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल तर एक तास, ताशी ४ लिटरचा असेल तर अर्धा तास. सलग चार तास संच चालू ठेवणं म्हणजे भूजल भरणं. झाडाची दिवसाची गरज १६ लिटर असेल तर दोन ड्रिपर चार-चार तास चालवण्यापेक्षा आठ ड्रिपर एक-एक तास. नाहीतर चार ड्रिपर दोन पाळ्यांत, मध्ये चार-पाच तासांचं अंतर ठेवून.

लॅटरलवर (ड्रिपर बसवलेल्या नळीवर) ड्रिपरचं अंतर २० ते ३० सेमी ठेवा. ५०-६० सेमीचं अंतर भारी जमिनीसाठी असतं, इथे दोन ड्रिपरच्या मध्ये कोरडी पट्टी राहते. खात्री करायची असेल तर संच तासभर चालवून लगेच ड्रिपरच्या बाजूने उभा खड्डा काढा आणि ओलीची कड चुन्याने आखा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ड्रिपरखाली असाच ताजा खड्डा काढून कड कुठवर उतरली ते पहा. दहा मिनिटांचं काम, पण कंपनीच्या तक्त्यापेक्षा भरवशाचं.

प्रवाही पाणी, म्हणजे सऱ्या आणि सारे, या जमिनीत जवळजवळ बाद. सरीच्या तोंडाशी पाणी मुरतं आणि शेपटाला पोचत नाही. दुसरी सोयच नसेल तर सरीची लांबी ३०-४० मीटरच्या आत ठेवा आणि मोठा प्रवाह देऊन पटकन उरका.

कुजकं_खत

खताच्या अहवालालाही हाच नियम, तिथे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. अनेक प्रयोगशाळा पीपीएममधला (दहा लाखांत किती भाग) आकडा २.२४ ने गुणून हेक्टरी किलो काढतात. त्यामागे १५ सेमी थरात हेक्टरी २२४० टन माती असते हे गृहीत असतं. ३९ टक्के गोटे असतील तर बारीक माती उरते ९१५ घनमीटर, म्हणजे सुमारे १२८० टन. अहवालातलं १० पीपीएम स्फुरद कागदावर २२.४ किलो दिसतं, जमिनीत असतं १२.८ किलो. 'मध्यम' वाचून समाधान मानू नका. सेंद्रिय कर्बाचंही तेच: ०.६ टक्के म्हणजे साडेतेरा टन वाटतात, प्रत्यक्षात पावणेआठ.

नत्र किती लवकर खाली जातं तेही बघा. बारीक मातीत वाफशाला २० टक्के पाणी असेल तर गोट्यांसकट जमिनीत ते १२.२ टक्के. गरजेपेक्षा २५ मिमी पाणी जास्त झालं की नायट्रेट सुमारे २० सेमी खाली सरकतं. ७५ मिमीचा एक जोरदार पाऊस झाला की ६० सेमीच्या पार. गोटे नसते तर त्याच पावसात ते ३७-३८ सेमीवर थांबलं असतं.

म्हणून:
- नत्राचे दोन-तीन हप्ते पुरत नाहीत, आठ ते दहा करा. ठिबक असेल तर दर आठवड्याला थोडं थोडं.
- खताचं पाणी पाळीच्या शेवटच्या टप्प्यात सोडा, पण नळ्या धुवायला शेवटची १० मिनिटं साधं पाणी राखा. सुरुवातीला खत आणि मग तासभर साधं पाणी, हा उलटा क्रम खत स्वतःच्या हाताने खाली ढकलतो.
- पालाश, गंधक आणि बोरॉनही इथे टिकत नाहीत. बोरॉनची कमतरता दिसली तरी एकदम मोठी मात्रा नको, हलक्या जमिनीत त्याची विषबाधा लवकर होते.
- कंपोस्ट हेक्टरी १० ते २० टन, दरवर्षी. हवा भरपूर खेळते, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळतो. एकदा ५० टन टाकून पाच वर्षं निश्चिंत राहू म्हणाल तर तिसऱ्या वर्षी पाटी कोरी.

पहिलंच_पीक

@मळईवाला, @थेंबेथेंबे, हिशोब समजला, आभार. मग वर १५ सेमी चिकणमाती किंवा तलावातला गाळ पसरला तर? ओल धरून ठेवेल ना?

आडवाछेद

थांबा, नुसती पसरू नका. बारीक माती वर आणि खाली एकदम गोटे अशी स्पष्ट सीमा झाली की पाणी त्या सीमेवर अडकतं. बारीक छिद्रं पाणी घट्ट धरून ठेवतात, खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते ओढलंच जात नाही. वरचा थर जवळजवळ चिंब झाल्यावरच थेंब खाली उतरतो. कुंडीच्या तळाला खडी घातल्याने निचरा सुधारत नाही, तो याच कारणाने. १५ सेमीचा चिकण थर पावसात दलदल होईल आणि उन्हात भेगाळेल, मुळंही त्याच थरात अडकून बसतील.

पण हीच गोष्ट फायद्याचीही आहे. नदीने ६०-७० सेमी पोयटा गोट्यांवर नैसर्गिकरीत्या टाकलेला असेल तर त्या पोयट्यात नेहमीपेक्षा जास्त ओल टिकते, कारण खालची खडी झाकणासारखं काम करते. अशा जागी खोल नांगरट करून दोन थर एकमेकांत मिसळणं म्हणजे हातचं घालवणं. आधी खड्डा, मग नांगर.

गाळ घालायचाच असेल तर वर्षाला २ ते ३ सेमी पसरा आणि दरवेळी २० सेमीपर्यंत कल्टिव्हेटरने मिसळा. २ सेमी म्हणजे हेक्टरी २०० घनमीटर, हा आकडा ऐकून बरेच जण विचार बदलतात. त्याआधी गाळाची क्षारता तपासा. आणि गाळ वाळवून, ढेकळं फोडून टाका. ओला गाळ गोट्यांमध्ये विटेसारखा बसतो.

वखर

गोटे वेचायचे की नाहीत यावर कुणी बोललं नाही, म्हणून.

सगळे वेचू नका. पृष्ठभागावर मोकळे पडलेले गोटे पावसाच्या थेंबांचा मार घेतात, बाष्पीभवन कमी करतात आणि माती वाहू देत नाहीत. शेत हजामत केल्यासारखं साफ करून टाकलं की पहिल्याच पावसाळ्यात वर पापुद्रा धरतो. फरक एवढाच की गोटा वर मोकळा बसलेला असावा. पापुद्र्यात अर्धा रुतलेला गोटा उलटं काम करतो, त्याच्यावरचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. हलकी कोळपणी करून पापुद्रा मोडत राहा.

७५ मिमीच्या वरचे मात्र काढा, कारण अवजारं तेच मोडतात. पुन्हा पुन्हा काढावे लागतील: मशागतीत बारीक माती फटींतून खाली घसरते आणि मोठा दगड वर येतो, सुपात धान्य हलवल्यासारखं. थंड प्रदेशात जमीन गोठून फुगते, त्यानेही दगड वर सरकतात.

अवजारांबद्दल. रोटाव्हेटर शक्यतो नको, पाती वाकतात आणि उडालेला गोटा मागे उभ्या माणसाला लागतो. वापरावाच लागला तर मागचं झाकण खाली, फिरकी कमी, आणि मागे कुणी उभं राहायचं नाही. फाळाचा नांगर दगडात अडकला की जोर ट्रॅक्टरच्या सांध्यांवर येतो. स्प्रिंगच्या दात्यांचा कल्टिव्हेटर सर्वांत बरा, दाता दगडावरून उचलून पुढे जातो. कातरबोल्ट (जोर जास्त झाला की आधी तुटणारा बोल्ट) असलेलं अवजार घेतलं तर सुटे बोल्ट त्याच दर्जाचे ठेवा. तुटतो म्हणून जास्त कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी बोल्ट टिकतो आणि दांडा मोडतो.

पिकं थोडक्यात: द्राक्ष, अंजीर, बदाम, ऑलिव्ह, खोल मुळांचा लसूणघास, रोझमेरीसारख्या सुगंधी वनस्पती चालतात. गाजर-मुळा फाटे फोडतो, बटाट्याला काढणीत खरचटतं, भुईमूग उपटताना शेंगा खाली राहतात. भात विसरा.

थेंबेथेंबे

@वखर, द्राक्षाचं नाव घेतलंत म्हणून. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या 'ग्राव्ह' या द्राक्षपट्ट्याचं नावच खडीवरून आलंय. पण त्याचा अर्थ 'खडी म्हणजे चांगली द्राक्षं' असा काढू नये. तिथे कामाला येते ती पाण्याची मर्यादा. वेलीची फाजील वाढ रोखली जाते आणि मुळं खोल जातात. गोटे दिवसा तापून रात्री ऊब देतात हे खरं, पण उष्ण प्रदेशात तीच ऊब खालचे घड भाजते. तिथे घड जमिनीपासून उंच ठेवा आणि ओळीत काडीकचऱ्याचं आच्छादन करा.

पायाभरणी

बांधकामाच्या बाजूने बोलतो. शेतीत जिची तक्रार चालते ती जमीन पायाला फार चांगली. भार सोसते, पाणी लागल्यावर फुगत नाही, बसायचं ते बांधकाम चालू असतानाच बसून जाते. पण 'गोटे दिसले, म्हणजे झालं' असं नसतं.

वर्गीकरणात ७५ मायक्रॉनच्या खालचा बारीक भाग किती आणि कसला हे पाहतात. ५ टक्क्यांहून कमी असेल तर खडी स्वच्छ. मग कणांची प्रतवारी बघायची: ६० टक्के कण ज्या आकाराहून बारीक तो आकार भागिले १० टक्के कण ज्याहून बारीक तो आकार, हे उत्तर ४ किंवा जास्त हवं, आणि वक्रतेचा गुणांक (मधले आकार पुरेसे आहेत का ते सांगणारा) १ ते ३ मध्ये. नदीच्या खडीत मधले आकार गायब असणं नेहमीचं, त्यामुळे ती दुसऱ्या अटीत नापास होते. बारीक भाग १२ टक्क्यांच्या वर गेला की खडीचं वागणं त्या बारीक भागावर ठरतं. तो चिकण असेल तर ओली झाल्यावर ताकद उतरते.

आता मूळ विषयाला धरून एक खोड. भरावाची दाबाई तपासतानाही प्रयोगशाळा २० मिमीच्या वरचे गोटे बाजूला काढते. समजा तिथे कमाल शुष्क घनता १.९५ आली, आणि प्रत्यक्ष भरावात वजनाने ३० टक्के गोटे २० मिमीच्या वरचे आहेत. जागेवर घनता मिळाली २.०५. कागदावर दाबाई १०५ टक्के, सगळे खूश. दुरुस्ती करून बघा: १०० भागिले (७० भागिले १.९५ अधिक ३० भागिले २.६५) म्हणजे २.१२. खरी दाबाई ९७ टक्के. अट ९८ ची असेल तर भराव नापास आहे. खडीच्या भरावात १०० च्या वरचे आकडे सतत यायला लागले की आधी ही दुरुस्ती केली का ते विचारा.

दाबाईसाठी कंपन रोलर, थर २० ते ३० सेमी, आणि सर्वांत मोठा गोटा थराच्या दोन-तृतीयांशाहून मोठा नको. टिपरमधून ओतताना मोठे गोटे ढिगाच्या पायथ्याशी घरंगळतात आणि तिथे पोकळ जागा राहते. पसरताना ग्रेडरने परत मिसळून घ्या.

बोअरमध्ये हातोड्याच्या ठोक्यांवरून ताकद काढायची प्रमाणित चाचणी इथे फसवते. नळीचं तोंड एखाद्या गोट्यावर बसलं की ठोके एकदम वाढतात आणि जमीन आहे त्याहून दणकट दिसते. सलग शंकूची चाचणी किंवा प्लेट लोड चाचणी जोडीला घ्या.

काँक्रीटला नदीचे गोल गोटे चालतात, पाणी कमी लागतं आणि माल सहज वाहतो. पण गुळगुळीत अंगाला सिमेंट कमी धरतं, म्हणून वाकण्याची ताकद जिथे महत्त्वाची (फरसबंदी, काँक्रीटचा रस्ता) तिथे फोडलेली खडी घ्या. गोटे धुतलेले हवेत. मूठभर ओले करून चोळा, हाताला चिकण लागली तर परत धुवा. मेणचट झाकेचे, काचेसारखे फुटणारे चर्टचे (गारेच्या जातीच्या दगडाचे) गोटे जास्त असतील तर सिमेंटमधल्या अल्कलीशी अभिक्रियेची चाचणी केल्याशिवाय वापरू नका, भेगा काही वर्षांनी दिसतात.

मळईवाला

@पायाभरणी, रस्त्याबद्दलही लिहा ना. मुरमाऐवजी हीच खडी सर्रास टाकतात.

पायाभरणी

गोल खडी एकमेकांत गुंतत नाही, चाकाखाली खेळातल्या गोट्यांसारखी घरंगळते. निदान दोन फुटक्या बाजू असलेली खडी हवी. डांबराखालच्या थरात बारीक भागाचा प्लॅस्टिसिटी निर्देशांक (चिकणपणाचं माप) ६ च्या आत हवा, नाहीतर पाणी धरून रस्ता उखडतो. कच्च्या रस्त्यावर मात्र उलट, थोडी चिकण लागतेच. अगदी स्वच्छ खडी टाकली तर महिन्याभरात पृष्ठभाग नालीदार पत्र्यासारखा लाटालाटांचा होतो आणि खडी कडेला जमते.

झिरप

पाण्याच्या साठवणीबद्दल राहिलंच. या जमिनीत शेततळं अस्तराशिवाय टिकत नाही. अस्तराची फिल्मही थेट गोट्यांवर अंथरली तर पाण्याच्या वजनाने टोकं घुसतात. आधी बाहेर आलेले गोटे काढा, १० सेमी बारीक वाळू किंवा जाड जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं कृत्रिम कापड) घाला, मग फिल्म. बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) नुसता शिंपडून भागत नाही. पाण्याच्या दाबाने तो गोट्यांच्या फटींतून निघून जातो. मध्ये गाळणीचा थर हवा, आणि त्याचा नियम असा: गाळणीतले १५ टक्के कण ज्या आकाराहून बारीक, तो आकार खालून-वरून जपायच्या मातीच्या ८५ टक्के आकाराच्या ४ ते ५ पटींहून मोठा नको. तीच गाळणी पाणी सहज जाऊ देण्यासाठी दोन्हींच्या १५ टक्के आकारांत निदान ४-५ पट फरक हवा.

शोषखड्ड्याबाबत सगळे म्हणतात, बघा किती छान मुरतं. हाच धोका आहे. सांडपाणी गाळलं न जाता काही तासांत भूजलात पोचतं, आणि उथळ विहिरीला पाणी देणारा थरही बहुधा तोच असतो. पाणी सोडायचंच असेल तर खड्ड्याऐवजी उथळ चर घ्या, तळाला निदान ६० सेमी मध्यम वाळू भरा आणि पाणी थोडं थोडं, अंतराने सोडा, म्हणजे वाळूत हवा राहते आणि जीवाणू काम करतात.

आडवाछेद

गाळणीच्या नियमात 'खालून-वरून' नको, गोंधळ होईल. जी माती वाहून जाऊ द्यायची नाही, तिचा ८५ टक्के आकार. बाकी बरोबर.

झिरप

दुरुस्ती मान्य, तसंच म्हणायचं होतं.

पहिलंच_पीक

शेवटचं एक. ६० सेमीच्या खालचे थर बघायला दीड-दोन मीटरचा खड्डा घ्यायचा आहे. ऑगर (मातीचा गिरमिट) जातच नाही, गोट्यावर अडतो.

चाळण_दोन_मिमी

ऑगर जाणार नाही. जेसीबीने चर घ्या, पण उभ्या भिंतीचा दोन मीटर खड्डा काढून आत उतरू नका. ओल असेपर्यंत भिंत उभी राहते, वाळू सुकली की कसलीही सूचना न देता कोसळते. आत उतरायचंच असेल तर भिंतीला खोलीच्या दीडपट आडवा उतार द्या. काढलेला माल काठापासून निदान एक मीटर लांब ठेवा. खालून पाणी यायला लागलं असेल तर बघणं-मोजणं वरूनच: बादलीने थराथरातला माल वर घ्या, प्रत्येक थराला वेगळी ताडपत्री, आणि चपटे गोटे कोणत्या दिशेला कललेत त्याचा फोटो काढून ठेवा. त्यांची सपाट बाजू प्रवाह जिकडून आला तिकडे खाली उतरलेली असते, त्यावरून जुन्या पात्राची दिशा कळते आणि पुढचा खड्डा कुठे घ्यायचा तेही.